किक जागेवर घे

विश्रामबाग, सांगली

प्रिय सई,

परवा रात्री साडेअकराला तुझा फोन आला, तेव्हा तुझ्याकडे सकाळचे अकरा वाजले होते. रेंज तुटत होती. जॉबोन कॅन्यन, चढ, गाडी बंद, एवढेच शब्द धड कळले. मग तू रडतेयस हे कळलं. मी म्हटलं, गाडी राहू दे, सावली शोध, पाणी पी. पुढची वीस मिनिटं फोन लागला नाही. ती वीस मिनिटं मी अंगणात अण्णांच्या बुलेटच्या सीटवर हात ठेवून उभा होतो. ताईला अजून काही सांगितलेलं नाही. ते तू सांगायचंस.

नंतर तुझा मेसेज आला. चाळीस मिनिटं किक मारूनही गाडी आली नाही, दोघा अनोळखी पोरांनी ती खाली उतरवून दिली, तू तासभर पिकअपच्या सावलीत बसलीस, आणि मग तीच गाडी दुसऱ्या किकला चालू झाली. खाली तू लिहिलंस, 'मामा, हिचं माझ्याशी काय वैर आहे?'

वैर नाही गं. पण त्या एका वाक्यात गाडीने आपलं दुखणं सांगून टाकलंय. थंड असताना चालू होते, तापल्यावर होत नाही. फोनवर सांगण्यासारखी ही गोष्ट नाही म्हणून पत्र लिहायला बसलो. सावकाश वाच, आणि पुढच्या वेळी गाडी बाहेर काढण्याआधी पुन्हा एकदा वाच.

तुझी वायझेड 426 एफ मी ओळखतो. तिकडे कॅलिफोर्नियात असताना नऊ वर्षं माझ्याकडे हीच गाडी होती. त्याआधी मोटोक्रॉसमध्ये राज्य होतं ते टू-स्ट्रोकचं: हलकं इंजिन, कसंही किक मारलं तरी चालू. मग 1997 साली लास व्हेगासच्या सुपरक्रॉसमध्ये डग हेन्री यामाहाच्या फोर-स्ट्रोकवर जिंकला. ती तेव्हा कारखान्याची प्रयोगाची गाडी होती. 1998 साली वायझेड 400 एफ दुकानात आली आणि हेन्रीने त्याच वर्षी अमेरिकेची मैदानी मोटोक्रॉस चँपियनशिप तिच्यावर घेतली. 2000 ते 2002 ही तीन वर्षं तुझ्या 426 ची. पाच व्हॉल्व्ह, साडेबारास एक कॉम्प्रेशन. आपल्या जुन्या बुलेटचं कॉम्प्रेशन त्याच्या निम्म्याच्या आसपास. हे आकडे सांगतोय ते कौतुकासाठी नाही. एवढ्या कॉम्प्रेशनच्या इंजिनाला किकने फिरवताना पायाच्या जोराचा काही उपयोग नसतो, हे तुला आधी पटायला हवं.

मला ते अण्णांनी शिकवलं. मी नववीत होतो. बुलेट दारात उभी होती आणि मी चोरून किक मारायला गेलो. सगळं अंग टाकून मारली. ती अर्ध्यात अडली, उलटी आली, आणि माझी नडगी गुडघ्यापर्यंत काळीनिळी झाली. अण्णा बाहेर आले. रागावले नाहीत. हेडलाइटच्या डोक्यावरचा अँपिअर मीटर दाखवला. चावी चालू करून किक हातानं हळूहळू दाबत गेले. काटा एकीकडे झुकायचा आणि मध्यावर यायचा. काटा मध्यावर आला आणि किक कडक लागली की डाव्या हातानं डिकॉम्प्रेशनचा खटका दाबायचा, किक थोडीशी पुढे न्यायची, खटका सोडायचा, किक वर येऊ द्यायची. 'आता ती जागेवर आली,' ते म्हणाले. 'जागेवर आली नसेल तर पैलवानालाही जुमानत नाही.' मग त्यांनी पाय ठेवला आणि एकाच सलग किकमध्ये गाडी धडधडायला लागली. तुझे आजोबा पन्नास-बावन्न किलोचे होते, तू त्यांना पाहिलंस तेव्हा तर त्याहून कमी.

तुझ्या गाडीला अँपिअर मीटर नाही, पण हँडलच्या डाव्या बाजूला क्लचशेजारी छोटी लिव्हर आहे, ती तोच खटका. 426 ला तो हातानं चालवावा लागतो. कॅलिफोर्नियात पहिल्यांदा ही गाडी हातात आली तेव्हा बाकीचे शिव्या घालत होते आणि मला मात्र घरी आल्यासारखं झालं होतं.

आता यामागचं कारण समजून घे, म्हणजे पाठ करावं लागणार नाही. फोर-स्ट्रोक इंजिन क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच पेटतं. हवा-पेट्रोल आत ओढणं, दाबणं, पेटणं, धूर बाहेर टाकणं, असे चार झटके. पिस्टन वर दाबायला निघालेला असताना तू किक मारलीस, तर किकचा सगळा प्रवास त्या एका दाबण्याला पुरत नाही. पिस्टन मध्येच अडतो, आणि तेवढ्यात ठिणगी पडली तर उलटा फिरतो आणि तुझा पाय भिरकावून देतो. तेच पिस्टन वरच्या टोकाला नेऊन जरासा पलीकडे ठेवला, तर किकला पुढचे झटके मोकळे मिळतात. क्रँकला वेग चढतो, आणि दाबण्याची पाळी येते तेव्हा पायाऐवजी तो वेगच काम करून जातो. म्हणून किक हळू दाबत कडक जागा शोधायची, खटका दाबून साधारण इंचभर पुढे सरकायचं, खटका सोडायचा, लिव्हर पूर्ण वर येऊ द्यायची. मग थेट खालपर्यंत सलग किक. अर्धी किक कधी मारायची नाही. बूट घातल्याशिवाय तर किकला पायसुद्धा लावायचा नाही. परवा तू घोटा सुजल्याचं लिहिलंस, पण पायात काय होतं ते लिहिलं नाहीस.

आणि गाडी न्यूट्रलला टाकून किक मार. क्लच दाबून गिअरमध्येही ती चालू होते, पण क्लचच्या प्लेटा तेलाने एकमेकींना धरून ठेवतात आणि तेवढा भार तुझ्या पायावर येतो.

हे सगळं तू बहुतेक करतेसच. मला शंका आहे ती तुझ्या उजव्या हाताची.

खरं सांग, परवा किक मारताना अॅक्सिलरेटर पिळत होतीस ना? प्रत्येकजण पिळतो. सांगलीत स्कूटर चालू होत नसली की लोक दोन-तीनदा रेस देऊनच किक मारतात, आणि तिथे ते खपून जातं. तुझ्या गाडीवर केइहिनचा एफसीआर कार्ब्युरेटर आहे. त्यात एक छोटा पंप असतो. अॅक्सिलरेटर उघडला की तो पंप कच्च्या पेट्रोलची चिळकांडी आत मारतो, म्हणजे धावताना एकदम रेस दिली तर इंजिन अडखळू नये. इंजिन बंद असलं तरी पंपाला ते कळत नाही. तू पिळशील तितक्यांदा तो पेट्रोल मारणार. थंड इंजिनाला एक-दोन चिळकांड्या चालतात, थंडीत लागतातही. पण तापलेल्या इंजिनात आधीच पेट्रोलची वाफ साठलेली असते. गाडी बंद पडली की थंड करणारा वारा थांबतो, पंखा या गाडीला नाही, आणि इंजिनाची धग कार्ब्युरेटरपर्यंत चढते. आत पेट्रोल भरपूर, हवा कमी. तू प्रत्येक किकबरोबर त्यात भर टाकत होतीस. चाळीस मिनिटांत तू तिला चालू करत नव्हतीस, बुडवत होतीस. तासभर उभी राहिल्यावर ते पेट्रोल उडून गेलं, इंजिन निवलं, आणि ती दुसऱ्या किकला आली.

यासाठीच कार्ब्युरेटरवर ते लाल बटण आहे. काळं बटण चोकचं: थंड गाडीला जादा पेट्रोल देतं. लाल बटण हॉट स्टार्टचं, त्याच्या नेमकं उलट: बाजूची एक वाट उघडून जादा हवा आत सोडतं. गाडी तापलेली असताना बंद पडली की चोकला हात लावायचा नाही. लाल बटण बाहेर ओढायचं, उजवा हात अॅक्सिलरेटरवरून काढून हँडलच्या टोकाला नुसता टेकवायचा, किक जागेवर घ्यायची आणि मारायची. चालू झाली की दोन क्षणांत लाल बटण परत आत ढकलायचं. ते बाहेर राहिलं तर इंजिनाला पेट्रोल कमी पडतं आणि ते नीट ओढत नाही.

गाडी पडली असेल तर गोष्ट वेगळी. आडव्या गाडीत कार्ब्युरेटरचं पेट्रोल भलतीकडे वाहतं. पडलीस की आधी स्वतःला बघ, मग पेट्रोलचा कॉक बंद कर, गाडी उभी कर आणि दोन मिनिटं काहीही करू नकोस. मग पोट साफ करायचं: डिकॉम्प्रेशनचा खटका दाबून धरायचा, अॅक्सिलरेटर पूर्ण उघडून तसाच धरायचा (पिळायचा नाही, उघडायचा आणि धरायचा, म्हणजे पंप एकदाच मारतो), आणि दहा ते वीस वेळा किक खाली-वर करायची. खटका दाबलेला असल्यामुळे पाय हलका जातो. आतली ओली हवा सायलेन्सरमधून बाहेर पडते, कधी कधी पेट्रोलचा वाससुद्धा येतो. मग अॅक्सिलरेटर बंद, कॉक चालू, लाल बटण बाहेर, किक जागेवर, एक किक. कंपनीच्या पुस्तकातही साधारण हेच आहे. तुला गाडी विकणाऱ्याने पुस्तक दिलं नसेल तर मिळव. आणि एक नवा प्लग खिशात ठेव, सीआर8ई नंबरचा. खूप ओला झालेला प्लग कधी कधी पुसूनही ठिणगी देत नाही.

चढावर बंद पडली की काय करायचं, हे मी खाली बसून सांगतोय याची मला जाणीव आहे. वाळू घसरते, उतार डोळ्यासमोर असतो, मागून कोणीतरी येत असतं. पुढचा ब्रेक धर. बंद पडली तेव्हा ती गिअरमध्येच असेल, तशीच राहू दे आणि क्लच सोड. इंजिनाचं कॉम्प्रेशनच मागच्या चाकाला धरून ठेवतं. श्वास घे. मग गाडी उताराला आडवी वळव, अशी की तुझा डावा पाय वरच्या बाजूला येईल. तुझी उंची माझ्याएवढी नाही. सपाटीवर उभं राहूनही तुला किकपर्यंत पोचायला टाचा उचलाव्या लागत असतील. डावा पाय वरच्या मातीवर टेकला तर उजवा मोकळा होतो. सपाटीवर बंद पडलीस तर एखादा दगड बघ किंवा ट्रॅकच्या कडेचा उंचवटा. फार किरकोळ वाटतं, पण मी सहा फूट उंचीची माणसं पाय नीट न टेकल्यामुळे किकशी झगडताना पाहिली आहेत.

आणि चढावर बंद पडलेल्या गाडीला एक वाट नेहमी मोकळी असते, खालची. तोंड उताराकडे वळव, दुसरा गिअर टाक, क्लच आणि डिकॉम्प्रेशनचा खटका दोन्ही दाबून धर आणि गाडी सुटू दे. जरा वेग आला की सीटवर जड बसून क्लच सोड. खटका दाबलेला असल्यामुळे मागचं चाक घसटत नाही, इंजिन फिरायला लागतं. मग खटका सोड. धडधड ऐकू आली की क्लच पुन्हा हातात घे. अण्णांची बुलेट आम्ही पावसाळ्यात गल्लीच्या उतारावर ढकलून चालू करायचो, तीच ही गोष्ट.

पण सई, या सगळ्याच्या आधी तुझी स्वतःची गोष्ट येते. मोहावीच्या उन्हात हेल्मेट, छातीचं कवच, गुडघ्याचे पट्टे, जाड बूट घालून चाळीस मिनिटं किक मारणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. हात थरथरायला लागतात, मग माणूस चिडतो, चिडला की अॅक्सिलरेटर पिळतो, अर्धवट किक मारतो, पाय सटकतो. तुझं रडू मी ओळखलं ते त्यामुळेच. त्या भट्टीत गाडीचं काही बिघडत नाही. गाडी उभी राहील, उद्या नेता येईल. पाच किकमध्ये आली नाही तर हेल्मेट काढायचं, पाणी प्यायचं, घड्याळ लावून दहा मिनिटं बसायचं. या दहा मिनिटांत इंजिनही निवतं. रेडिएटरचं झाकण मात्र तापलेलं असताना उघडायचं नाही, आतलं उकळतं पाणी अंगावर येतं. आणि एकटी जाऊ नकोस. परवाची दोन पोरं नसती तर मी इथून काय करणार होतो?

एवढं सगळं नीट करूनही तापल्यावर ती नाहीच म्हणाली, तर चूक तुझी नाही. मला तुझ्या बाबतीत हीच शंका जास्त आहे, म्हणून ही गोष्ट शेवटी ठेवली.

2006 च्या उन्हाळ्यात माझी गाडी अशीच वागायला लागली. सकाळी पहिल्या किकला चालू, दोन फेऱ्यांनंतर बंद पडली की नाही म्हणजे नाही. मी कार्ब्युरेटर तीनदा खोलला. लहान जेट बदललं. एका वर्कशॉपने कार्ब्युरेटरचा सगळा संच बदलून चांगलेच पैसे घेतले. गाडी होती तशीच राहिली. महिनाभराने मी स्वतः टाकी काढून टॅपेटच्या फटी मोजल्या. तीन इनटेक व्हॉल्व्हपैकी मधल्याची फट 0.05 मिलिमीटरवर आली होती. हवं होतं 0.10 ते 0.15.

पाच शतांश मिलिमीटर. केसाहून कमी. पण तेवढ्यानं काय होतं बघ. धूळ फिल्टरमधून आत गेली की व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक झिजते. झिजली की व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेट सैल होण्याऐवजी घट्ट होतो. थंड इंजिनात थोडी फट उरते, व्हॉल्व्ह पूर्ण बंद होतो, कॉम्प्रेशन मिळतं. तापल्यावर व्हॉल्व्ह लांबतो, उरलीसुरली फट संपते, आणि बंद व्हायच्या वेळी तो कणभर उघडाच राहतो. कॉम्प्रेशन गळतं. किक मऊ लागते. तू मेसेजमध्ये लिहिलंस ना, 'नंतर नंतर किक हलकी लागत होती, मला वाटलं आता येईल'? तो हलकेपणा मला आवडला नाही.

टॅपेट मोजणं अवघड नाही. गाडी रात्रभर उभी राहिलेली हवी, पूर्ण थंड. सीट आणि टाकी काढ, वरचं कव्हर काढ, पिस्टन वरच्या टोकाला आणून खुणा जुळव आणि फीलर गेजची पानं एकेक घालून बघ. इनटेक तीन, एक्झॉस्ट दोन. एक्झॉस्टला 0.20 ते 0.25 हवं. फट जुळवणारे शिम बदलायला कॅम काढावे लागतात. ते पहिल्यांदा जाणकारासमोर कर, पण मोजायचं तू स्वतः. एअर फिल्टर दर खेपेला धुऊन तेल लाव. व्हॉल्व्ह खातो तो धूळ आत सोडणारा फिल्टरच.

तू विचारलं होतंस, ही विकून बटणस्टार्टची घेऊ का. होंडा आणि यामाहाच्या 450 ला 2018 पासून बटणच आहे, आणि ते चांगलंच आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. मधला रस्ताही आहे: 2003 च्या वायझेड 450 एफचा एक्झॉस्ट कॅम 426 ला बसतो. त्यात खटक्याचं काम आपोआप होतं, हातानं दाबावं लागत नाही. त्या काळी कित्येकांनी तो बसवला. टॅपेटसाठी कॅम काढशीलच, तेव्हा तोही घालून टाक असं कोणीतरी सुचवेल. माझं मत विचारशील तर एक हंगाम थांब. कडक जागा पायाला कळायला लागली की मग खुशाल बसव. विकायची मात्र नको. टॅपेट घट्ट झाले म्हणून कोणी गाडी विकत नाही.

अण्णांची बुलेट मी आठवड्यातून एकदा चालू करतो. परवा रात्री तुझ्या फोननंतर केली नाही, शेजारी झोपले होते. आज सकाळी केली. काटा मध्यावर, खटका, इंचभर पुढे.

शनिवारी गाडीला हात लावायच्या आधी, थंड असताना, पाचही व्हॉल्व्ह मोज. डावीकडून उजवीकडे क्रमाने पाच आकडे कागदावर लिही, त्याचा फोटो मला पाठव. तो मिळेपर्यंत जॉबोनला जाऊ नकोस.

तुझा,
मामा